बुरशी कोणाच्या मालकीची?

भोर तालुक्यातील शिवरे आणि त्याच्या आसपासच्या भातपट्ट्यात सुगी आटोपली की खळ्यावर पेंढा उरतो. त्यातला काही गुरांच्या वैरणीला जातो, काही कुजतो. ओल लागलेल्या पेंढ्यावर बुरशी चढली की शेतकरी हळहळतो. परंतु बुरशी ही केवळ नासाडी नव्हे, ती मानवाची जुनी सेवकही आहे. ही सेवक कोणासाठी राबते, हा खरा प्रश्न आहे.

इंग्लंडमध्ये १९६७ साली मार्लो या गावाजवळच्या मातीत फ्युजेरियम जातीची एक बुरशी सापडली. ग्लुकोजच्या द्रावणात, मोठ्या टाक्यांत ती अखंड वाढवता येते आणि तिच्या तंतूंपासून मांसासारखा पदार्थ करता येतो. जगाला प्रथिनांचा तुटवडा भासणार, या भीतीपोटी हे संशोधन सुरू झाले होते. १९८५ साली 'क्वॉर्न' या नावाने तो बाजारात आला, पण भुकेल्यांच्या ताटात नव्हे, तर सधन देशांतील दुकानांत. माती सर्वांची होती, पेटंट मात्र कंपनीचे झाले.

याच्या उलट दिशेचा दाखला आपल्या पुणे जिल्ह्यातच आहे. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना १९५४ साली, जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने, सार्वजनिक क्षेत्रात उभा राहिला आणि १९५५ पासून तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. तीही बुरशीचीच देणगी. ती गरिबाच्या आवाक्यात यावी, हा त्यामागचा हेतू होता. पुढे याच कारखान्यातील कामगारांचे वेतन थकले आणि डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याची जादा जमीन व नंतर कारखानाही विकण्याचे ठरवले. लोकांच्या पैशाने उभारलेली विद्या कशी मोडीत काढली जाते, याचे हे उदाहरण कार्यकर्त्यांनी विसरू नये.

आता शिवऱ्याकडे वळू. धिंगरी अळिंबी भाताच्या पेंढ्यावर उत्तम येते. पेंढा भिजवून, निर्जंतुक करून, त्यात बियाणे पेरून पिशव्या भरल्या की तीन-चार आठवड्यांत पहिली तोडणी मिळते. त्यासाठी जमीन लागत नाही. म्हणजे भूमिहीन स्त्रियांनाही हा उद्योग करता येतो. ताज्या अळिंबीत नव्वद टक्के पाणीच असते. तेव्हा ती मटणाची किंवा डाळीची जागा घेईल, असे सांगणे ही फसवणूक ठरेल. पण ताटाला आणि मिळकतीला तिचा आधार निश्चित होईल.

येथे एक इशारा आवश्यक आहे. मांसाला पर्याय सापडला म्हणून कोणी गरिबाच्या ताटातील मांस वा अंडे हिरावून घेऊ लागला, तर त्याला विरोध केला पाहिजे. शालेय पोषण आहारात नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या अंड्यांचा निधी राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये थांबवला. प्रथिनांची चर्चा तेथून सुरू झाली पाहिजे.

आपली मागणी साधी असावी. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबी संशोधनाचा प्रकल्प आहे. तेथील विद्या भोर-वेल्ह्याच्या गावांपर्यंत पोहोचावी. तालुक्याला बियाणे पुरवणारी सार्वजनिक प्रयोगशाळा असावी, विक्री सहकारी संस्थेमार्फत व्हावी आणि मुलांच्या आहारासाठी शासनाने ती खरेदी करावी. असे झाले नाही, तर शेतकऱ्याच्या वाट्याला पेंढा राहील आणि नफा दुसरेच कोणी नेतील.