कॉफीचा दाणा आणि घरचा खलबत्ता

बेलापूर किंवा श्रीरामपूरच्या किराणा दुकानात कॉफी मागितली, की दुकानदार बहुधा झटपट कॉफीची काचेची बाटली नाहीतर लहान पुडी पुढे करतो. फिल्टर कॉफीची भुकटी हवी असे सांगितले तर दक्षिणेकडून आलेले एखादे पाकीट निघते. ग्राहक पाकिटाची पुढची बाजू पाहतो, किंमत पाहतो आणि पिशवीत टाकतो. मागची बाजू वाचणारा विरळाच. तेथे बारीक अक्षरांत बरेचदा लिहिलेले असते की हे कॉफी आणि चिकोरी यांचे मिश्रण आहे, आणि दोहोंची टक्केवारीही दिलेली असते. आपल्या देशातील अन्नविषयक नियमांनुसार अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असली पाहिजे. याचा व्यापारी हिशेब सरळ आहे : १०० ग्रॅमच्या पाकिटात ४९ ग्रॅमपर्यंत दुसरा माल असला तरी विकणाऱ्याने कायदा मोडलेला नसतो. त्याने तो पाकिटावर छापला आहे. वाचण्याचे काम ग्राहकाचे.

हा दुसरा माल काय आहे, हे जैन घरांनी तरी विचारायला हवे. चिकोरी म्हणजे युनानी वैद्यकातील कासनी. निळ्या फुलांचे हे झुडूप. त्याचे मूळ जमिनीतून उपटतात, धुऊन कापतात, वाळवतात, भाजतात आणि दळतात. युरोपात नेपोलियनच्या काळात इंग्लंडशी व्यापार तोडला गेला, कॉफी महाग व दुर्मिळ झाली, तेव्हा फ्रान्समध्ये या मुळाचा वापर फार वाढला. टंचाई संपली, सवय मात्र राहिली. आपल्याकडे गुजरात आणि उत्तर प्रदेशात तिची लागवड होते. चिकोरीने काढा दाट व काळसर होतो, दुधात रंग चांगला उतरतो, आणि ती कॉफीपेक्षा स्वस्त पडते. तिच्यात वाईट असे काही नाही. दक्षिणेत अनेकांना तिच्याशिवाय कॉफीची चवच लागत नाही. प्रश्न एवढाच, की ती मूळ आहे.

ज्या घरात बटाटा, कांदा, गाजर उंबऱ्याच्या आत येत नाही, त्याच घरात पाहुण्यांच्या कपातून भाजलेले मूळ वाढले जाते आणि कोणाला त्याची खबरही नसते. सुंठ आणि हळद वाळलेल्या रूपात चालतात, तशी चिकोरीही चालेल, असे कोणी म्हणेल. त्याचा निर्णय ज्याने त्याने आपल्या परंपरेप्रमाणे, गुरुमहाराजांना विचारून करावा. पण निर्णय करण्यासाठी आधी वस्तू माहीत असावी लागते. न कळता घडणे आणि विचारपूर्वक घेणे यांत फरक आहे.

घरातल्या भुकटीची परीक्षा सोपी आहे. काचेच्या पेल्यात थंड पाणी घेऊन वर चिमूटभर भुकटी अलगद शिंपडावी. कॉफी बराच वेळ तरंगते. चिकोरी काही क्षणांत खाली बसू लागते आणि बसताना मागे तपकिरी रंगाची रेघ सोडते. फक्त ही परीक्षा भुकटीचीच. झटपट कॉफी पाण्यात विरघळते, म्हणून तेथे पाकीट वाचण्यावाचून उपाय नाही. ज्यावर केवळ कॉफी असल्याचे स्पष्ट लिहिले आहे अशी झटपट कॉफीही मिळते.

याहून खात्रीचा मार्ग म्हणजे अख्खा दाणा घेणे. व्यापारी घरांना हे नव्याने सांगण्याची गरज नाही. मिरपूड घेण्यापेक्षा काळी मिरी घ्यावी, धणेपुडीपेक्षा धणे घ्यावेत, हे पेढीवर बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. दळलेल्या मालात काय मिसळले ते डोळ्यांना दिसत नाही, अख्ख्या मालात लपवायला जागा नाही. चिंचोके आणि खजुराच्या बिया भाजून कॉफीच्या भुकटीत मिसळण्याची लबाडी जुनी आहे. कॉफीच्या दाण्याला एका बाजूने सपाट पोट आणि त्यावर मधोमध चीर असते. चिंचोक्याला ते सोंग आणता येत नाही.

दाणा घेण्याला आणखी एक कारण आहे, आणि ते जयणेशी संबंधित आहे. कॉफीच्या फळाला पोखरणारा एक बारीक भुंगेरा असतो. तो फळातून आतल्या बीपर्यंत शिरतो आणि बीला टाचणीने टोचल्यासारखे भोक पाडतो. चांगल्या प्रतीच्या मालातून असे दाणे वेगळे काढलेले असतात, तरी एखादा राहून जातो. ताटात दाणे पसरून गहू निवडावेत तसे निवडले, की भोक असलेला दाणा लगेच दिसतो. भुकटीत तो कसा दिसणार?

दाणे मिळणे पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. देशातील सर्वाधिक कॉफी कर्नाटकात पिकते. कोडगू, चिक्कमगळुरू आणि हासन हे तिचे जिल्हे. चिक्कमगळुरूजवळच्या डोंगरात सतराव्या शतकात बाबा बुडन यांनी येमेनहून आणलेल्या सात बिया पेरल्या, अशी आख्यायिका आहे, आणि तो डोंगर आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आपल्या राज्यातही अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला कॉफी होते, हे अनेकांना ठाऊक नसते. ज्यांचे सोयरसंबंध बेंगळुरू-म्हैसूरकडे आहेत, त्यांनी येणाऱ्या पाहुण्यांना मिठाईऐवजी पाव किलो भाजलेले दाणे आणायला सांगावे. दौंड-मनमाड मार्गावरून कर्नाटक एक्स्प्रेस धावतेच. परगावच्या पाहुण्यांना मात्र बेलापूर नावाचे स्थानक बेलापुरात नसून श्रीरामपुरात आहे, हे आधी सांगून ठेवलेले बरे.

मागणी करताना ‘भाजलेले अख्खे दाणे’ असे स्पष्ट सांगावे. कच्चा, हिरवट दाणा खड्यासारखा कठीण असतो आणि हाताने दळला जात नाही. लोखंडी कढईत मध्यम आचेवर सतत हलवीत तो घरी भाजता येतो. धूर होतो, फोलपट उडते, दाणे तडतडू लागतात. भाजताना वजनात १५ ते २० टक्के घट येते, म्हणजे किलोला सुमारे ८०० ते ८५० ग्रॅम हाती लागते. हौस असलेल्याने करून पाहावे, इतरांनी भाजलेलाच माल घ्यावा.

दळायचे मात्र घरीच, आणि लागेल तेवढेच. यामागचे गणित पाहण्यासारखे आहे. एक सेंटिमीटर बाजूचा ठोकळा घेतला तर त्याचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर भरते. त्याचेच एक मिलिमीटरचे तुकडे केले तर ते १००० होतात आणि त्यांचे एकूण पृष्ठफळ ६० चौरस सेंटिमीटर, म्हणजे दहापट. तुकडे अर्ध्या मिलिमीटरचे केले तर वीसपट. माल तेवढाच, पण हवा लागण्याची जागा इतकी वाढली. कॉफीचा वास आणि चव हवेनेच जाते. अख्खा भाजलेला दाणा घट्ट झाकणाच्या डब्यात दोन-तीन आठवडे चांगला राहतो. दळल्यावर त्याचा सुवास त्याच दिवसापासून उतरू लागतो. रोज चार कप कॉफी होणाऱ्या घरात ३० ग्रॅम दाणे लागतात असे धरले, तर पाव किलो आठ दिवस पुरते. त्याहून जास्त साठा करण्यात अर्थ नाही.

आता साधन. विजेची चक्की विकत घेण्याची घाई करू नये. मिक्सरचे पाते दाणा दळत नाही, कापते. त्यामुळे काही भाग पीठ होतो आणि काही भाग तुकड्यांतच राहतो. पीठ झालेला भाग लगेच कडू उतरतो, तुकड्यांतला अर्क आतच राहतो, आणि एकाच कपात दोन्ही दोष येतात. शिवाय पहाटे वीज असेलच याचा भरवसा कोणी द्यावा? माळ्यावर पडलेला खलबत्ता या कामाला पुरेसा आहे.

खलबत्ता लोखंडी किंवा पितळी, खोलगट आणि जड असावा. लसणाचा प्रश्न आपल्या घरात येत नाही, पण वेलदोडा, लवंग, मिरी यांचा वास धातूतही रेंगाळतो. म्हणून आधी मूठभर कोरडे तांदूळ कुटून टाकावेत आणि खल कोरड्या फडक्याने पुसावा. पाण्याचा थेंबही राहता कामा नये. एका वेळी दोन चमचेच दाणे घ्यावेत. जास्त घेतले तर वरचे उडतात आणि खालचे पीठ होतात. पहिले पाच-सहा ठोके वरून सोडायचे नाहीत. बत्त्याने दाबून दाणे फोडायचे. तळहाताने किंवा फडक्याने तोंड झाकले म्हणजे दाणे जमिनीवर पसरत नाहीत. फुटल्यावर बत्ता खलाच्या कडेने गोल फिरवीत चोळायचा. येथे जोर नव्हे, फिरकी उपयोगी पडते. दोन चमच्यांना तीन-चार मिनिटे लागतात, आणि घरातील एखाद्या शाळकरी मुलाला हे काम आनंदाने देता येते.

मग चाळण. रव्याच्या चाळणीतून काढल्यावर जो जाड भाग वर राहतो तो पुन्हा खलात टाकायचा. दुकानातल्या यंत्राची बरोबरी खलबत्त्याने होत नाही, पण चाळणीने त्याची निम्मी उणीव भरून निघते. कढवून गाळायच्या कॉफीला लापशी रव्याएवढी जाडी पुरते. पितळी किंवा स्टीलच्या फिल्टरला बारीक रव्यासारखी भुकटी लागते. पीठ झाले तर फिल्टरची भोके बुजतात आणि काढा थेंबभरही खाली येत नाही.

पाट्या-वरवंट्यावर हे काम होते, पण सुखाचे होत नाही. कोरडे दाणे घरंगळतात, आणि पाट्याच्या टाक्यांत अडकलेली जुनी मिरची कॉफीत उतरते. जात्याचा मोह कोणाला झाला तर तो आवरावा. कॉफीच्या दाण्यात तेल असते, ते दगडात मुरते आणि पुढचे कित्येक दिवस पिठाला कॉफीचा वास येतो. प्रवासात काहीच हाताशी नसेल तर जाड कापडाच्या दुहेरी घडीत दाणे ठेवून पोळपाटावर लाटण्याने रेटावेत. भरड होते, कढवायला चालते. ज्यांना रोजचीच सवय लागेल त्यांनी हाताने फिरवायची लहान चक्की घ्यावी. दक्षिणेकडील जुन्या घरांत टेबलाला आवळून बसवायची अशी चक्की असे. तिच्यात दोन दातेरी भागांमधील अंतर स्क्रूने कमी-जास्त करता येते, आणि दळण एकसारखे पडते.

करायची पद्धत प्रत्येक घराची वेगळी. मराठी घरातील जायफळ घातलेली दुधाची कॉफी यानेही उत्तम होते : पाणी उकळून गॅस बंद करावा, कपाला दोन लहान चमचे भरड टाकून चार मिनिटे झाकावी, स्वच्छ मलमलीतून गाळावी आणि मग गरम दूध, साखर व किसलेले जायफळ घालावे. दुधात भुकटी घालून रटारटा उकळल्याने ती कडू होते, आणि मग तो दोष दाण्याला दिला जातो. चिकोरीची सवय असलेल्या जिभेला हा काढा पहिले काही दिवस पातळ वाटेल. त्यावर उपाय म्हणजे भरड अर्धा चमचा वाढवणे आणि पाणी थोडे कमी घेणे.

चौविहार असलेल्या घरात दुपारी चारच्या सुमारास खलबत्त्याला हात घातला, तर सूर्यास्ताच्या आत कॉफी, गप्पा आणि भांडी तिन्ही उरकतात. गाळून उरलेला चोथा ओला साठवून ठेवू नये, त्याला बुरशी धरते. तो त्याच दिवशी उन्हात पसरून वाळवावा आणि थोडा थोडा करून कुंड्यांतील मातीत मिसळावा. खल मात्र धुवायचा नाही, नुसता पुसून उपडा ठेवायचा.