घरातला संगणक : डिस्कचे बारसे

अब्बांच्या आवाजातल्या सात कॅसेटी मी संगणकात उतरवून ठेवल्या आहेत. गेल्या महिन्यात त्या जवळजवळ गेल्याच होत्या, आणि चूक सर्वस्वी माझी.

आमच्या संगणकावर उबुंटू, म्हणजे लिनक्स आहे. सिस्टिमची डिस्क सोडून आत १ टीबीच्या दोन सारख्याच डिस्क. एकीवर फोटो, कॅसेटी, घराचे कागद, दुसरी रिकामी. लिनक्स त्यांना एसडीबी आणि एसडीसी म्हणत होते. ‘एसडीसी म्हणजे रिकामी’ हे मी पाठ करून टाकले होते. मग धूळ साफ करताना केबली काढल्या, परत लावल्या. भाचा कामाला बसला.

“मामू, एसडीसी फॉरमॅट करतो.”

“कर.”

“रिकामी म्हणालात ना? हिच्यात तर चारशे जीबी भरलेत!”

केबलींची अदलाबदल झाली होती. ही नावे डिस्कची नसतातच. संगणक सुरू होताना ज्या क्रमाने डिस्क सापडतात त्या क्रमाने ती पडतात. केबल हलवली नाही तरी क्रम बदलू शकतो. पाहुण्यांना बसल्या जागेवरून ओळखण्यासारखे.

म्हणून पार्टिशनला आपले नाव, म्हणजे लेबल द्यावे. ते डिस्कवरच लिहिले जाते, डिस्क कुठेही लावा. उबुंटूतले ‘डिस्क्स’ उघडा, पार्टिशन निवडा, खालच्या दातेरी चाकावर टिचकी मारा आणि ‘एडिट फाइलसिस्टिम’मध्ये नाव लिहा. आतल्या फाइलींना धक्का लागत नाही. त्याच यादीत ‘फॉरमॅट’ही आहे, तेवढे बघून! ‘एडिट पार्टिशन’मधले नाव वेगळे, आपल्याला ते नको.

मी हौसेने ‘कागदपत्रे’ लिहायला गेलो, बसेना. एक्स्ट-फोर या लिनक्सच्या नेहमीच्या प्रकारात लेबलला जागा १६ बाइटची. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट खाते, काना-मात्रासुद्धा. म्हणजे पाचच चिन्हे. ‘फोटो’ मावते, ‘कागदपत्रे’ नाही. सरळ इंग्रजी लिपीत लिहा, मधे जागा न सोडता. फॅट प्रकारच्या पेनड्राइव्हला तर ११च अक्षरे मिळतात.

दोन डिस्कना एकच नाव देऊ नका. ‘बॅकअप’ नावाच्या दोन डिस्क आमच्या घरीच निघाल्या! आता एक ‘बॅकअप-घर’, दुसरी ‘बॅकअप-आपा’. ती बहिणीकडे असते.

सुरू होताना डिस्क आपोआप जोडणाऱ्या एफएसटॅब फाइलीतही एसडीसी न लिहिता लेबल किंवा यूयूआयडी लिहा. यूयूआयडी म्हणजे फॉरमॅट करताना पडणारा लांबलचक क्रमांक. सोबत ‘नोफेल’ घातले की डिस्क काढलेली असली तरी संगणक अडून बसत नाही.

फॉरमॅट केले की लेबल पुसते, ते पुन्हा द्यावे लागते. आमच्या रिकाम्या डिस्कला भाच्याने लगेच दिले, आणि तेच नाव चिठ्ठीवर लिहून वरूनही चिकटवले.