अजिंठ्यात जरा थांबा

आमच्या हर्सूलवरून जळगाव रोड पुढे अजिंठ्याकडे जातो. पाहुणे येतात, एका दिवसात सगळी लेणी उरकतात आणि म्हणतात, "चित्रं फार पुसट झालीत हो!" काही रंग उडालेत हे खरं. पण माझ्या मते निम्मा दोष आपल्या घाईचा आहे.

उन्हातून अंधाऱ्या लेण्यात शिरलं की रंग ओळखणाऱ्या शंकूपेशींना सावरायला पाच-दहा मिनिटं लागतात. मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशींना तर अर्धा तासही लागतो. पुढे मेंदूतही सगळं एकदम उमटत नाही. रंग, आकार, हालचाल यांची कामं वेगवेगळ्या भागांत चालतात. मुटूसिस आणि झेकी या शास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये दाखवलं, की रंग आपल्याला हालचालीपेक्षा सुमारे ०.०८ सेकंद आधी जाणवतो. आकाराचंही तसंच, आधी ढोबळ आकृती, मग बारकावे. शिवाय नजरेच्या मधोमध असलेला छोटा भागच स्वच्छ दिसतो, म्हणून डोळा चित्रभर फिरावा लागतो.

पहिल्या लेण्यातला पद्मपाणी घ्या. आधी दिसते ती वळलेली देहाकृती. हातातलं कमळ, झुकलेल्या पापण्या, मागची माकडं हे सावकाश सापडतं.

म्हणून सहली नेणाऱ्या शिक्षकांना विनंती, तीस लेणी मोजू नका. १, २, १६ आणि १७ एवढीच चित्रांसाठी निवांत पाहा. आधी मुलांना व्हरांड्याच्या सावलीत थांबवा, आत गेल्यावर थोडं गप्प उभं करा, मग गाईडला बोलू द्या. चित्रं किती पुसट झालीत, ते त्यानंतर ठरवा.

तुम्हाला काय वाटतं? जरूर कळवा.