ट्रॅक्टर जुना, पण कागद कोणाचे?



सोयाबीन घरात आलं, चार पैसे हाती खुळखुळले, की गावोगाव जुन्या ट्रॅक्टरची बोलणी सुरू होतात. नव्याची किंमत ऐकूनच घाम फुटतो. मग कोणीतरी सांगतं, "तालुक्याला एक दलाल आहे, शेजारच्या राज्यातून गाड्या आणतो. निम्म्या भावात देतो." परवा आमच्या पारावर हेच चाललं होतं. म्हणून आज घरचीच गोष्ट सांगतो. सांगायला बरं वाटत नाही, पण आमची ठेच तुम्हाला शहाणपण देवो.

माझ्या धाकट्या भावाने दिवाळीनंतर असाच ट्रॅक्टर घेतला. तीन लाखांना ठरला. बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या, थोडे सोसायटीचे, थोडे पाहुण्यांकडून घेतले. शंभराच्या स्टॅम्पवर लिहून घेतलं, नोटरीचा शिक्का मारला. आर.सी.ची झेरॉक्स मिळाली. "मूळ कागद महिन्याभरात देतो," असं दलाल म्हणाला. घरात ट्रॅक्टरला हळदकुंकू लावताना भावाच्या बायकोने विचारलं, "अहो, ट्रॅक्टर आपला झाला, मग कागदावर नाव कुणाचं?" भाऊ म्हणाला, "तुला काय कळतंय त्यातलं!"

महिन्याचे सात महिने झाले. मृगाच्या तोंडावर, पेरणीच्या दोन दिवस आधी, कर्ज देणाऱ्या कंपनीची माणसं दारात आली. मूळ मालकाने हप्ते थकवले होते. त्यांच्याकडे कागद होते, आमच्याकडे स्टॅम्प पेपर. ट्रॅक्टर गेला. दलालाचा फोन बंद. भाड्याचा ट्रॅक्टर मिळेपर्यंत वाफसा गेला आणि पेरणी लांबली. संध्याकाळी भावाच्या मुलीने ती झेरॉक्स हातात घेऊन मोठ्याने वाचली. कर्ज देणाऱ्या कंपनीचं नाव त्यावर स्पष्ट छापलेलं होतं. सात महिने ती कपाटातच होती!

तेव्हा मंडळी, इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी कागद वाचा. काय काय पाहायचं ते सांगतो.

पहिलं, आर.सी. मूळ प्रत पाहा, झेरॉक्सवर भागवू नका. विकणारा आणि आर.सी.वरचा मालक एकच आहे का? नसेल तर मूळ मालक समोर आल्याशिवाय बयाणा देऊ नका. इंजिन नंबर आणि चेसिस नंबर स्वतः ताडून पाहा. चेसिस नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली की छाप उमटते, ती आर.सी.शी जुळवा. आकडा घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला, तर तिथूनच मागे फिरा.

दुसरं, बोजा. जमिनीचा बोजा जसा सातबाऱ्याच्या इतर हक्कात दिसतो, तसा ट्रॅक्टरचा बोजा आर.सी.वर दिसतो. कर्ज फिटलं असं विकणारा सांगत असेल, तर बँकेचं फिटल्याचं पत्र आणि बँकेच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ मागा. आर.टी.ओ.त बोजा उतरल्यावरच उरलेली रक्कम द्या. सरकारच्या परिवहन खात्याच्या वाहन संकेतस्थळावर गाडीचा नंबर घातला की बरीच माहिती दिसते. घरातल्या कॉलेजातल्या मुलाला हे काम सांगा.

तिसरं, परराज्यातली गाडी. तिथल्या आर.टी.ओ.चा ना हरकत दाखला, म्हणजे फॉर्म २८, हवाच. कर कुठवर भरला आहे, काही मागणी बाकी आहे का, हे त्यात कळतं. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली, तर इथला नवा नंबर घ्यावा लागतो. कर आणि फी किती लागेल ते सौदा करण्याआधी आपल्या आर.टी.ओ.त विचारा आणि किमतीत धरा. नाहीतर स्वस्तातला ट्रॅक्टर महागात पडतो.

चौथं, वय. शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे गाडीची तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. मुदत संपलेली गाडी घेतलीत तर तो खर्च तुमच्या गळ्यात.

पाचवं, ट्रॉली. तिची नोंदणी वेगळी असते. ट्रॅक्टरचे कागद मिळाले म्हणजे ट्रॉलीचे मिळाले असं नाही.

सौदा झाला की फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या घ्या आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आर.टी.ओ.त कळवा. विमा आपल्या नावावर करायला चौदा दिवसांत कंपनीला अर्ज द्या. स्टॅम्प पेपरवरचा करार हा व्यवहाराचा पुरावा आहे. त्याने आर.सी.वरचं नाव बदलत नाही.

विकणाऱ्यांनीही कान देऊन ऐकावं. पैसे मिळाले, गाडी गेली, आता माझा काय संबंध, असं म्हणू नका. २००७ साली विकलेली एक मोटार पुढे कित्येक हातांतून गेली आणि २००९ साली तिचा अपघात झाला. नोंद मात्र पहिल्याच मालकाची राहिली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच ठेवली. उद्या तुमच्या जुन्या ट्रॅक्टरखाली कोणी सापडलं तर? नाव बदलल्याचा कागद हाती येईपर्यंत विकणाऱ्याची सुटका नाही.

आमच्या घरी पाटल्या अजून सुटलेल्या नाहीत. दलालावर फिर्याद दिली आहे, तारखा चालू आहेत. पण एक बदल झाला. आता बैल घ्यायचा असो की पाण्याची मोटार, पावती आधी भावाची बायको वाचते आणि मगच पैसे बाहेर पडतात. भाऊ काही बोलत नाही.

तुम्हीही घरात हाच नियम करा. आधी कागद, मग बयाणा.