सावलीतील उघडी जमीन

आंब्याखाली, चिंचेखाली अथवा विहिरीजवळच्या सावलीत झाडून लख्ख केलेली जमीन दिसली म्हणजे बागाइतदार मोठा टापटिपीचा, असे आपण मंगरूळपीरकडील शेतकरी समजतो. आमच्या मते ही टापटीप नव्हे, नुकसान होय. आपल्याकडील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उंच झाडाच्या पानांवरून निथळणारे टपोरे थेंब उघड्या मातीवर आदळतात, तिचे कण सुटे होतात व वरचा कसदार थर नाल्यास मिळतो. उन्हाळ्यात तीच काळी जमीन भेगाळते.

थंड हवेच्या देशांत अशा जागी व्हायोलेटची, म्हणजे बनफशाच्या जातीची, फुलझाडे लावून जमीन झाकण्याची रीत आहे. रीत उत्तम, परंतु झाड आपले नव्हे. काश्मीर-हिमालयाच्या थंडाव्यात वाढणारा बनफशा वऱ्हाडच्या वैशाखात तगावयाचा नाही. तेव्हा रोपे न मागविता कल्पना तेवढी घ्यावी.

जेथे विहिरीचा वा पाटाचा ओलावा बारमाही असेल, तेथे जिला मंडूकपर्णी म्हणतात ती ब्राह्मी लावावी. तिचे फाटे जमिनीसरशी धावतात व पेऱ्यापेऱ्याला मुळ्या धरतात. विरळ सावलीत हळद योग्य. मे-जूनमध्ये लावलेली हळद पावसाळाभर जमिनीवर पानांचे छत्र धरते. काढणीनंतर तिचाच पाला आच्छादनास येतो. दाट सावलीत मात्र तिचे उत्पन्न घटते. अंजनगाव सुर्जीकडील पानपिंपरी सावलीतच पोसते. पण तीस नियमित पाणी हवे.

एक इशारा देणे अवश्य आहे. संत्र्याच्या बुंध्याशी यांपैकी काहीही लावू नये. बुंधा सतत ओला राहिल्यास डिंक्या बळावतो. बुंध्याभोवतीची जागा कोरडी व मोकळीच असावी.

ज्यांच्या विहिरीस उन्हाळ्यात पाणी नसते, त्यांनी गळालेला पाला झाडून जाळला नाही, तरी पुष्कळ साधेल. आमचे म्हणणे कोणी केवळ विश्वासाने मानावे, असे आम्ही म्हणत नाही. येत्या मृगापूर्वी एकाच आंब्याखालची अर्धी जमीन झाडून व अर्धी पाल्याने झाकून ठेवावी, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर दोन्हीकडून वाहणाऱ्या पाण्याचा गढूळपणा पाहावा. मग खराटा कोठे चालवावा, हे ज्याचे त्यानेच ठरवावे.