शब्दाला अर्थ कोण देतो?

आपल्या अनेक घरांत मुले दिवसभरात दोन-तीन भाषा बोलतात. घरी दखनी किंवा कोकणी, कुठे उर्दू, शाळेत मराठी. मग कोणी तरी हटकते, “ही कसली भाषा? नीट बोलता येत नाही का?” मूल गप्प होते. भाषाविज्ञान मात्र या मुलाची बाजू घेते.

फर्डिनांड द सोस्यूर हे जिनिव्हा विद्यापीठातील प्राध्यापक. १९०७ ते १९११ या काळात त्यांनी भाषाविज्ञानावर व्याख्याने दिली. १९१३ मध्ये ते वारले. विद्यार्थ्यांच्या वह्यांवरून सहकाऱ्यांनी तयार केलेले त्यांचे पुस्तक १९१६ मध्ये निघाले. त्यांचे म्हणणे असे : भाषा ही चिन्हांची व्यवस्था आहे. प्रत्येक चिन्हाला दोन बाजू असतात, ध्वनीची मनातली प्रतिमा आणि मनात उमटणारी कल्पना. या दोन बाजू समाजाच्या संकेताने जोडलेल्या असतात. मराठीत कांदा, उर्दूत प्याज, अरबीत बसल. यांपैकी कोणताही शब्द कांद्याच्या जास्त जवळचा नाही.

संकेत बदलला की अर्थही बदलतो. अरबीत ‘गरीब’ म्हणजे परका, परदेशी. मराठीत आणि उर्दूत तोच शब्द निर्धन माणसासाठी रुळला. जुना अर्थ आठवून आपण कोणाला चूक ठरवत नाही.

शब्दाचे मोल शेजारच्या शब्दांवरही ठरते. उर्दूत ‘हम’ एकच. मराठीत त्याच जागी दोन शब्द आहेत. “आम्ही जेवायला बसतो” म्हटले तर पाहुणा वगळला जातो. “आपण जेवायला बसू” म्हटले की तो पानावर येतो. म्हणून ‘हम’ची जागा ‘आम्ही’ एकटा भरू शकत नाही.

आता दखनीतला ‘नक्को’ पाहा. तो मराठी ‘नको’वरून आला. त्याला बिघडलेली उर्दू म्हणणे बरोबर नाही. दखनी बोलणाऱ्यांत त्याचा अर्थ पक्का आहे आणि तो कुठे वापरायचा, हे तिथले लहान मूलही जाणते.

परीक्षेला आणि अर्जाला प्रमाण मराठी लागते. ती मुलांना चांगली शिकवलीच पाहिजे. पण शिकवताना, “शाळेत याला असे म्हणतात” एवढे सांगितले तरी पुरते. “आपले बोलणे अशुद्ध” असे ऐकवले, तर मूल शाळेत तोंड उघडायला कचरते आणि घरी दादी-नानीशी बोलायला लाजते. आम्हाला वाटते, एवढी किंमत कोणत्याही मुलाने मोजू नये.