बिल्ला कोणाचा, काम कोणाचे? कॅथलिक शाळांतील विद्यार्थी-नेतृत्वाचा विसरलेला इतिहास

१/ शैक्षणिक वर्ष सुरू झाले की मुंबई, पुणे, वसई, पणजीच्या अनेक कॉन्व्हेंट शाळांत पदग्रहण समारंभ भरतात. हेडबॉय, हेडगर्ल, हाऊस कॅप्टन, प्रीफेक्ट. खांद्यावर पट्टा, छातीवर बिल्ला, समोर पालकांचे मोबाईल. माहितीपत्रकात याला ‘नेतृत्वाची संधी’ म्हणतात. या शाळा ज्या परंपरेचे नाव सांगतात, तिच्याशी या समारंभाचे नाते फार दूरचे आहे, असे माझे म्हणणे आहे. ते का, हे या धाग्यात मांडतो.

२/ आधी बिल्ल्याची वंशावळ पाहू. हाऊस आणि प्रीफेक्ट ही रचना आपल्याकडे मुख्यतः इंग्लंडच्या निवासी पब्लिक स्कूलांच्या नमुन्यावरून आली. १८२८ ते १८४२ या काळात रग्बी शाळेचे मुख्याध्यापक असलेल्या टॉमस अर्नोल्ड यांनी वरच्या वर्गातील मुलांवर शिस्तीचा भार सोपवला आणि तो आदर्श सर्वत्र गेला. अर्नोल्ड अँग्लिकन धर्मगुरू होते. ज्याला आज कॅथलिक शाळेचा वारसा समजतात, तो मुळात शेजारच्या घरचा आहे.

३/ मग स्वतःच्या घरात काय होते? १५६३ साली रोममधील जेझुइट महाविद्यालयात जाँ लेउनिस या शिक्षकाने विद्यार्थ्यांचे एक मंडळ उभे केले. ही ‘मारियन सोडॅलिटी’. १५८४ मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी तिला अधिकृत मान्यता दिली. प्रार्थना आणि अभ्यास यांच्या जोडीला रुग्णालये व तुरुंग यांना भेटी देणे हे या मंडळांचे नेहमीचे काम झाले.

४/ १५९९ साली जेझुइटांनी ‘रात्सिओ स्तुदिओरुम’ ही शिक्षणसंहिता प्रसिद्ध केली. तीत विद्यार्थ्यांच्या ‘अकादमी’साठी, म्हणजे आजच्या भाषेत अभ्यासमंडळासाठी, स्वतंत्र नियम आहेत. रेक्टर, सल्लागार आणि सचिव ही पदे विद्यार्थ्यांचीच. निवड सभासदांच्या गुप्त मतदानाने व्हायची, तीही वर्षातून एकाहून अधिक वेळा. चारशे वर्षांपूर्वीच्या मुलाला जे मत होते, ते आज दहावीतल्या किती मुलांना आहे?

५/ तो काळ सोन्याचा होता, असे मात्र कोणी समजू नये. अकादमी निवडक मुलांची होती आणि तिच्यावर जेझुइटांची देखरेख असे. वर्गाचे ‘रोम’ आणि ‘कार्थेज’ असे दोन तट पाडून चढाओढ लावली जाई. मुलींना त्यात स्थान नव्हते.

६/ मुलींसाठी मेरी वॉर्ड या इंग्रज स्त्रीने १६०९ च्या सुमारास काम आरंभिले. जेझुइटांच्या धर्तीवरचे, स्त्रियांनीच चालवलेले धर्मसंघ व शाळा हे तिचे स्वप्न होते. १६३१ मध्ये पोप आठवे अर्बन यांनी तिची संस्था बरखास्त केली. कॅथलिक परंपरेने नेतृत्व घडवले, तसे ते चिरडलेही. हा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडावा लागतो.

७/ आता १८३३ चे पॅरिस. फ्रेडरिक ओझानाम हा वीस वर्षांचा विद्यार्थी एका वादविवाद मंडळात चर्चच्या थोर इतिहासाची बाजू मांडत असे. प्रतिपक्षाने विचारले: पूर्वीचे असू दे, आज तुम्ही काय करता? या प्रश्नाला भाषणातून उत्तर नव्हते. ओझानाम आणि त्याचे सोबती गरिबांच्या वस्तीत जाऊ लागले. रोझली रांद्यू या धर्मभगिनीने त्यांना वाट दाखवली. आज जगभर पसरलेली सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी अशी जन्मली.

८/ ओझानामला कोणी बिल्ला लावला नव्हता. एका मंडळात त्याला मोकळेपणाने अडचणीचा प्रश्न विचारला गेला, एवढीच त्याची ‘संधी’. आपल्या शाळांतील वादविवाद मंडळांत शाळेलाच अडचणीत टाकणारा विषय किती वेळा ठेवला जातो?

९/ विसाव्या शतकात जोझेफ कार्डाइन या बेल्जियन धर्मगुरूने कामगार तरुणांची चळवळ उभारली. पद्धत तीन पायऱ्यांची: पाहा, पारखा, कृती करा. १९६१ मध्ये पोप तेविसावे जॉन यांच्या परिपत्रकाने ती स्वीकारली. कार्डाइन यांचा आग्रह असा की कामगारांमध्ये काम कामगारांनीच करावे आणि विद्यार्थ्यांमध्ये विद्यार्थ्यांनी.

१०/ १९७३ मध्ये व्हॅलेन्सिया येथे जेझुइटांचे प्रमुख पेद्रो अरुपे माजी विद्यार्थ्यांपुढे बोलले. आम्ही तुम्हाला न्यायासाठी घडवले का, असा प्रश्न त्यांनी स्वतःच उपस्थित केला आणि प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असे दिले. श्रोत्यांतील अनेकांना ते झोंबले. ‘इतरांसाठी जगणारी माणसे’ हे जेझुइट शाळांचे ब्रीद त्या भाषणातून आले. आज ते भिंतींवर रंगवलेले दिसते, त्यामागची कबुली दिसत नाही.

११/ हे भारतात शक्य नाही, असे म्हणणाऱ्यांनी कोलकात्याची लोरेटो शाळा, सियालदा पाहावी. मेरी वॉर्डच्याच परंपरेतली ही शाळा. सिस्टर सिरिल मूनी यांच्या कारकिर्दीत तिचे दार रस्त्यावरच्या मुलींसाठी उघडले आणि शाळेच्या विद्यार्थिनी त्यांना शिकवू लागल्या. हे काम वेळापत्रकाचाच भाग होते. मूनी यांना २००७ मध्ये पद्मश्री मिळाली.

१२/ आक्षेप पहिला: निवडणूक घेतली तर लोकप्रिय मूल निवडून येईल, लायक मागे राहील. पण नेमणुकीत तरी कोण येते? अस्खलित इंग्रजी बोलणारे, गुण मिळवणारे, ज्याचे पालक शाळेत ये-जा करतात ते. अडखळत बोलणारे मूल वर्गात दहा जणांची भांडणे मिटवत असेल, तरी त्याच्या खांद्यावर पट्टा येत नाही. चुकीच्या निवडीवरचा जुना उपायच चांगला आहे: मुदत लहान ठेवा आणि पुन्हा मत घ्या.

१३/ आक्षेप दुसरा: परदेशी प्रवेशासाठी पद लागते. लागत असेल. पण मग त्याला प्रवेशाची तयारी म्हणा. त्यावर ख्रिस्ताचे, इग्नेशियसचे किंवा मेरी वॉर्डचे नाव घालू नका. ज्या शाळेत बहुतांश मुले इतर धर्मांची आहेत, तिथे कॅथलिक असण्याची खूण याहून वेगळी काय असणार?

१४/ पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी पुढच्या सभेत तीन प्रश्न विचारावेत. हे पद कोणी दिले, शिक्षकांनी की मुलांनी? ते किती महिन्यांनी दुसऱ्याकडे जाते? आणि या पदामुळे शाळेबाहेरच्या कोणाचे काय भले झाले? तिन्ही उत्तरे समाधानकारक असतील तर समारंभ जरूर करावा. नसतील तर त्या दिवशी मुलांना मतपेटी द्यावी.